उघड्या डोळ्यांची प्रार्थना

कामरगावच्या बबनराव इंगोल्यांनी आयुष्यात डोळे मिटले ते फक्त झोपण्यासाठी. एसटीची गाडी चालवत होते तोवर डोळे उघडे ठेवणे हा पोटाचाच धंदा होता. पण त्याच्याही आधी, ओठावर मिसरूड फुटायच्या वयात त्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि तेव्हाच ठरवून टाकले, की कुठल्या देवापुढे हात जोडायचे नाहीत आणि डोळेही मिटायचे नाहीत. विहारात वंदनेला बाकीचे लोक डोळे मिटून बसत, तेव्हाही बबनराव समोरच्या मूर्तीकडे टक लावून बसलेले. कोणी विचारलेच तर म्हणत, "तथागताले पाहाले आलो ना आपन? मंग डोये मिटून काय पाहाचं?"

डेपोत दसऱ्याला गाड्यांची पूजा व्हायची. बबनराव आपली गाडी आदल्या दिवशी स्वतः घासूनपुसून आरशासारखी करत, पण हार घालायची आणि नारळ फोडायची वेळ आली की बाजूला उभे राहत. एकदा साहेब वैतागून म्हणाले, "अरे, नुसते हात जोडाले काय जाते तुझं?" बबनराव म्हणाले, "साहेब, मनात नसताना जोडले त हात खोटे होतीन." ही गोष्ट त्यांनी पुढे इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितली, की ती सुरू झाली रे झाली की त्यांची बायको हौसाबाई भांडी घासायला निघून जाई.

तर असा हा खणखणीत माणूस. त्याला आणखी एक मान होता. शिबिराला जाऊन ते रीतसर बौद्धाचार्य झाले होते आणि कामरगावपासून पार इंझोरीपर्यंत बौद्धांच्या घरचे लग्न म्हटले की ते लावायला बबनरावच हवेत. पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि लाउडस्पीकरची गरज नसलेला आवाज. "आपन लावलेलं लग्न मोडत नाई," असे ते छातीठोकपणे सांगत. दोन मोडली होती, पण त्याचा दोष ते डीजेवाल्यांना देत.

एवढ्या लोकांची लग्ने लावली, तेव्हा आपल्या एकुलत्या एका लेकीचे लग्न आपणच लावायचे ही त्यांची इच्छा असणारच. धम्मदीपा त्यांचा जीव की प्राण. लहानपणी सुट्टीच्या दिवशी ती हट्टाने त्यांच्या गाडीत बसे, ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर गोधडी टाकून, आणि कारंजा यायच्या आत झोपून जाई. ती पाळण्यात होती तेव्हापासून बबनरावांनी हौसाबाईला सांगून ठेवले होते, "हिचं लग्न मीच लावीन. दुसऱ्या कोनाले हात लावू देनार नाई."

धम्मदीपा नर्स झाली, वाशीमला एका खासगी दवाखान्यात लागली आणि एका रविवारी घरी येऊन, बाप जेवायला बसलेला पाहून, तिने विषय काढला. बापाच्या तोंडात घास असताना विषय काढायचा, म्हणजे ओरडायला वेळ लागतो, हे तिला आईने शिकवले होते.

"बाबा, धीरज साळवे म्हनून एक मुलगा हाय. आमच्या दवाखान्यात एक्स-रे काढते. आमाले लग्न कराचं हाय."

"बौद्ध हाय?"

"नाई. ख्रिश्चन हाय."

बबनरावांनी घास चावला. "देव मानते?"

"मानते."

"किती?"

"एकच."

बबनराव पाणी प्यायले. "एकच असन त सांभाळून घेऊ," ते म्हणाले, आणि दाराआड उभ्या असलेल्या हौसाबाईंनी इतका वेळ रोखून धरलेला श्वास सोडला.

पुढच्या पंधरवड्यात वाशीमहून जीप करून मंडळी आली. धीरजचे आईवडील तो लहान असतानाच गेलेले. त्याला आजीने वाढवले होते. ती गोजराबाई, सत्तरी ओलांडलेली, काटक, बदामी लुगड्यातली. जीपमधून उतरताच ती बबनरावांना म्हणाली, "जय भीम, इंगोलेभाऊ." बबनरावांनी बँकेच्या मॅनेजरापासून गोविंदसिंग कंडक्टरापर्यंत सगळ्या जगाला आपण होऊन जय भीम घातलेला. समोरून आधी आलेला बघून ते जरा गडबडलेच.

पंगत बसली. विहाराच्या समितीचे सचिव चंपत वानखडे हे बबनरावांचे लंगोटीयार, तेही ताटावर होते. हौसाबाईंनी वांग्याची भाजी वाढली, पोळ्या वाढल्या. तेवढ्यात गोजराबाई म्हणाली, "तुमची हरकत नसन त जेवनाच्या आधी दोन शबुद प्रार्थना करतो."

आता नाही कसे म्हणणार? पाहुण्यांनी डोळे मिटले. हौसाबाईंनी मिटले. चंपतनेही मिटले, आणि याचा राग बबनरावांनी पुढे बरेच दिवस धरला. बबनराव मात्र हात गुडघ्यांवर ठेवून, डोळे चांगले टक्क उघडे ठेवून बसले. इतकी माणसे आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले, अशी पंगत त्यांनी कधी बघितली नव्हती. ते एकेक तोंड निरखत गेले आणि शेवटी प्रार्थना करणाऱ्या गोजराबाईवर आले. तिचे डोळे सताड उघडे होते आणि ती सरळ त्यांच्याकडेच बघत होती.

चोरी पकडली गेल्यासारखे बबनराव एकदम ताठ झाले. गोजराबाईचा मात्र एक शब्द अडखळला नाही. बघता बघता तिने आभार मानले, अन्न आशीर्वादित करून घेतले आणि आमेन म्हणून टाकले.

जेवण झाल्यावर हात धुताना बबनरावांना राहवले नाही. "विहीनबाई, एक इचारू काय? प्रार्थना करताना डोये नाई मिटत तुमी?"

"हा धीरज लहानपनी लय वांड," गोजराबाई तांब्या त्यांच्या हातात देत म्हणाली. "मी डोये मिटले का ताटातली पोयी गायब. तवापासून उघडेच ठेवतो. आन देवाले मी दिसतोच ना बाप्पा? मी कायले मिटू?"

बबनराव इतके हसले की तांब्यातले पाणी त्यांच्या धोतरावर सांडले. खरे सांगायचे तर सोयरीक पक्की झाली ती त्या मोरीपाशीच. बाकी साखरपुडा वगैरे नावाला.

पण लग्न म्हटले की अडचण आली पाहिजे, आणि ती चंपतच्या रूपाने आली. तुरी निघाल्यावर विहाराच्या आवारात लग्न लावायचे ठरत होते. चंपत म्हणाला, "बबन, पोरगा चांगला हाय, मले काई म्हनाचं नाई. पन आपल्या विहारात लग्न लावाचं त नवरदेवानं त्रिसरन म्हनलं पाहिजे. समितीचं म्हननं हाय."

"तेवढंच ना?" बबनराव म्हणाले. "तीन वाक्यं हायेत. म्हनंल त्यो."

दुसऱ्याच दिवशी ते वाशीमला गेले. दवाखान्यासमोरच्या टपरीवर धीरजला बोलावून घेतले, चहा सांगितला आणि मुद्द्यावर आले. "बुद्धाले सरन, धम्माले सरन, संघाले सरन. तीनदा म्हनाचं. येते ना?"

"येते मामाजी. पाठ हाय. धम्मदीपाच्या तोंडून ऐकून ऐकून."

"मंग झालं."

धीरजने ग्लास खाली ठेवला. अंगाने सडपातळ, बोलायला मऊ पोरगा, पण ते मऊपण आता कुठे तरी थांबले. "मामाजी, पंचशील म्हनतो. पाचही म्हनतो, मनापासून. त्यातलं काईच मले परकं नाई. पन सरन नाई म्हनू शकत. मी एकाच्या सरन गेलो हाय. तुमच्यासमोर तोंडानं म्हनलं आन मनात नसलं त खोटं होईन ना ते."

"लग्नापुरतं म्हनाचं हाय रे."

"आमच्या पाळकसाहेबायनं धम्मदीपाले इचारलं होतं, लग्नाआधी बाप्तिस्मा घेशीन काय म्हनून. तिनं सांगतलं, पटल्याबिगर पान्यात उतरनार नाई. मीच पाळकसाहेबायले म्हनलं, बरोबर बोलून राह्यली. आता मी इकडं येऊन उलटं कसं करू?"

हे बबनरावांना नवीन होते. लेकीचा अभिमान वाटला, पण रागाच्या भरात तो तसाच गिळला. आपण एवढे मोठ्या मनाने पुढे आलो आणि हा काल मिसरूड फुटलेला पोरगा तीन वाक्यांसाठी अडून बसतो! आयुष्यभराची एक हौस, आणि ती आता याच्या तोंडावर येऊन अडलेली. ते उठले आणि तावातावाने म्हणाले, "अरे, नुसते तीन वाक्यं म्हनाले काय जाते तुझं?"

असे म्हणून ते तडक बसस्टँडवर आले आणि गाडीत बसले. ड्रायव्हरच्या मागची जागा, नेहमीची. गाडी गावाबाहेर पडली, वारा लागला, डोके जरा थंड झाले आणि मग ते वाक्य परत त्यांच्या कानात वाजले. काय जाते तुझं. हे आपण कुठे तरी ऐकले आहे. आवाज ओळखीचा आहे. बराच वेळ ते आठवत बसले आणि आठवले तेव्हा बसल्या जागी कसनुसे झाले. आवाज डेपोतल्या साहेबाचा होता. दसऱ्याचा दिवस, चकचकीत गाडी, हार, नारळ, आणि बाजूला उभा असलेला हट्टी तरणा ड्रायव्हर. ज्या साहेबाची गोष्ट सांगून जन्मभर मिशीला पीळ भरला, त्याच साहेबाचे बोलणे आज आपल्या तोंडून निघाले होते. आणि पोराने दिलेले उत्तर? तेही आपलेच. त्याने ते फक्त मऊ आवाजात दिले होते.

बबनरावांना लाज वाटली. आणि मग, कारंजा यायच्या आत, लाजेच्या जागी भलताच आनंद झाला. हा पोरगा आपल्याच वळणाचा निघाला की! ज्याला हात जोडायला सांगितले तर जोडणार नाही आणि म्हणायला सांगितले तर म्हणणार नाही, असा जावई जिल्ह्यात शोधून सापडला नसता. पोरीने बापाचाच नमुना बरोबर हुडकून काढला होता. शेजारच्या पॅसेंजरने हा म्हातारा एकटाच का हसून राहिला म्हणून दोनदा वळून बघितले.

संध्याकाळी विहाराच्या पायरीवर त्यांनी चंपतला गाठले. "पोट्टा त्रिसरन म्हननार नाई. आन मी म्हनवनारही नाई."

"मंग लग्न कसं लावतं?"

"मीच लावीन. तुमच्या समितीनं विहार नाई देल्लं त घरच्या अंगनात लावीन."

"अरे, पन नियम..."

"चंपत, चौथं शील काय हाय?"

चंपत रोज सकाळ-संध्याकाळ म्हणणारा माणूस. "मुसावादा वेरमणी," तो म्हणाला. "खोटं बोलाचं नाई."

"मंग माह्या पोरीच्या लग्नात, बुद्धासमोर, मी त्या पोराच्या तोंडून खोटं वदवून घेऊ काय? सरन म्हनायले लावू आन लगेच वरून म्हनायले लावू का मी खोटं बोलत नाई? चौथं कोनी मोडलं मंग? त्यानं का आपन?"

चंपतने डोके खाजवले. माणूस वाईट नव्हता, फक्त सचिव होता. मग म्हणाला, "बबन, एक खरं सांग. हे दोन धरम एका घरात बसतीन काय? तुमच्यात देव नाई, त्यायच्यात देवाबिगर पान हालत नाई."

"इतके वर्सं गाडी चालवली मी," बबनराव म्हणाले. "मालेगावचा आन मंगरूळचा पॅसेंजर एकाच सीटवर बसत होता. तिकीट ज्याचं त्याचं. एकमेकाच्या पायावर पाय नाई देल्ला म्हनजे झालं."

"आन गाडी कुठं जाते?"

"ते ड्रायव्हरले इचार. मी आता रिटायर हाय."

चंपत हसला आणि तिथेच समितीचा विरोध संपला. फक्त सचिवपदाचा मान राहावा म्हणून त्याने एक अट घातली. विहारात फक्त आपली वंदना होईल. गोजराबाईला प्रार्थना करायची असेल तर ती जेवणाच्या मांडवात. बबनरावांनी ती आनंदाने मान्य केली. मांडव काय, गोजराबाईने चुलीपाशी उभी राहूनही केली असती.

वाशीमला नोंदणी झाली, आणि तुरी निघाल्यावर विहाराच्या आवारात लग्न उभे राहिले. धम्मदीपा पांढऱ्या साडीत, धीरज पांढऱ्या शर्टात. समोर टेबलावर तथागताची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या. बबनरावांना सगळे तोंडपाठ, तरी त्यांनी हातात कागद धरला होता आणि त्या कागदावरून नजर काढत नव्हते. घसा दगा देईल अशी भीती होती. लेकीकडे बघितले तर नक्कीच देईल, म्हणून बघायचेच नाही असे त्यांनी ठरवले होते.

"आता त्रिसरन," ते मंडळींना म्हणाले. "ज्याले खरं वाटते त्यानं म्हना. ज्याले वाटत नाई त्यानं चूप राहा. दोघायचाही मान हाय."

सगळे आवार म्हणू लागले. त्यात धम्मदीपाचा आवाज वेगळा कळत होता. धीरज मान लववून गप्प उभा राहिला. लोकांत थोडी कुजबुज झाली, मग तीही विरली. नंतर पंचशील सुरू झाले आणि पहिल्याच ओळीला धीरजचा आवाज लागला, स्वच्छ, कुठेही न चाचरता. चौथे शील त्याने म्हटले तेव्हा बबनरावांना पुढची ओळ सांगायला क्षणभर थांबावे लागले. मग फुले पडली, मंगल गाथा झाल्या, शेवटी रीतीप्रमाणे सगळ्यांनी तीनदा साधु म्हटले, आणि बबनराव इंगोल्यांच्या एकुलत्या एका लेकीचे लग्न त्यांच्याच हातून लागले.

मांडवात पंगत बसली. जेवण आटोपले की जीप निघणार होती. वाढपी इकडून तिकडे पळत होते, हौसाबाई आतबाहेर करत होत्या, पाहुणे हात मिळवून अभिनंदन करत होते, आणि या सगळ्यात बबनरावांच्या एकदम लक्षात आले, की आज आपण पोरीकडे एकदाही बघितले नाही. ती कशी दिसते तेही ठाऊक नाही. आता बघावे तर समोर माणसेच माणसे, आणि बाप रडला हे गावभर व्हायला कितीसा वेळ.

तेवढ्यात गोजराबाई उभी राहिली. "दोन शबुद प्रार्थना करतो," ती म्हणाली.

सगळ्या मांडवाने डोळे मिटले. पाहुण्याचा मान म्हणून गावकऱ्यांनीही मिटले. धम्मदीपाने मिटले, धीरजने मिटले. बबनराव नेमाप्रमाणे उघड्या डोळ्यांनी उभे राहिले आणि त्यांना कळले, की आता आपल्याला कोणी बघत नाही.

त्यांनी लेकीकडे बघितले. पोटभर बघितले. डोळे मिटले की ती खालचा ओठ आत ओढून घेते, लहानपणीही घ्यायची, हे हौसाबाई सांगायच्या. त्यांनी स्वतः ते कधी बघितलेच नव्हते. बॉनेटवर गोधडीत ती झोपायची तेव्हा ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर असे, पण नजर रस्त्यावर ठेवणे भाग होते. इतकी वर्षे लेक शेजारी झोपलेली आणि बाप रस्ता बघतोय. आता रस्ता नव्हता. कपाळावर आलेली बट, कानामागे अडकलेली फुलाची पाकळी, आत ओढलेला ओठ, सगळे ते बघत राहिले आणि डोळ्यांतून पाणी कधी वाहू लागले ते त्यांना कळले नाही. पुसायची गरजही नव्हती.

प्रार्थना संपत आली होती. अन्नासाठी आभार झाले होते, नवरानवरीसाठी आशीर्वाद झाला होता. गोजराबाईने आमेनसाठी श्वास घेतला, आणि तिचे उघडे डोळे बबनरावांवर गेले. तिने त्यांचा ओला चेहरा बघितला आणि ते कुठे बघताहेत तेही बघितले. मग तिने भुवई किंचित उचलून विचारले. बबनरावांनी मान हलवली, अगदी थोडी. नाही, एवढ्यात नाही.

"आन हे प्रभू," गोजराबाई म्हणाली, "सैंपाक करनाऱ्या बायायलेही सुखी ठेव."

मग तिने वाढप्यांसाठी मागितले. जीपच्या ड्रायव्हरसाठी मागितले. इंगोल्यांच्या तुरीसाठी, इंझोरीच्या पाहुण्यांच्या संत्र्यांसाठी, विहिरींच्या पाण्यासाठी, गाईगुरांसाठी, विहाराच्या समितीसाठी आणि तिच्या सचिवासाठी नाव घेऊन मागितले. चंपतने एक डोळा किलकिला करून ताटातल्या पोळीकडे बघितले आणि परत मिटला. मांडवात कोणी तरी खाकरले. गोजराबाईने एसटीसाठी मागितले, तिच्या सगळ्या ड्रायव्हरांसाठी मागितले, आणि त्यांच्या लेकरांसाठी मागितले.

तेव्हा कुठे बबनरावांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसले आणि मान डोलावली.

"आमेन," गोजराबाई म्हणाली.

आणि जन्माची सवय असलेला सगळा मांडव एका आवाजात म्हणाला, "साधु, साधु, साधु." काय म्हणून गेलो हे कळल्यावर लोक एकमेकांकडे बघून हसू लागले, पाहुणेही हसले, आणि धीरजने डोळे उघडून आजीकडे बघितले तर ती निवांत बसून पोळी मोडत होती.

जीप गेल्यावर, रिकाम्या मांडवात खुर्च्या एकात एक रचता रचता चंपत म्हणाला, "बबन, सगळं झकास झालं. पन तुह्या विहीनबाईची प्रार्थना लय लांबली गड्या. पोया पार गार झाल्या."

"लांबली?" बबनराव म्हणाले. "मले त कमीच पडली."